कुपनावर तुमची सही आहे, म्हणून आधी थांबा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या खजिनदार लिहितात. इमारतीचं छप्पर गळतंय, दुरुस्तीला चार लाख रुपये लागणार आहेत. अध्यक्ष त्यांच्या नात्यातले, यजमानांचे चुलतकाका. त्यांच्या सूचनेवरून समितीने 'भाग्यवान सोडत' ठरवली: १०० रुपयांची ५,००० कुपनं, पहिलं बक्षीस ९५ हजारांची स्कूटर, दुसरं २५ हजारांचा फ्रीज आणि तीन-तीन हजारांचे दहा मिक्सर. छपाई आणि प्रचाराला २० हजार धरलेत. स्कूटरसाठी विक्रेत्याकडे १० हजार आगाऊ दिलेत. तीन आठवड्यांत ४१२ कुपनं गेली, सोडतीला आठ आठवडे उरलेत. प्रत्येक कुपनावर खजिनदार म्हणून ताईंची सही छापलेली आहे. कोणीतरी म्हणालं की हे बेकायदा आहे, तेव्हापासून त्यांची झोप उडाली. काका म्हणतात, "सरकार लॉटरी चालवतं, शेजारच्या गावातलं मंडळ दरवर्षी सोडत काढतं, आपण तर पुस्तकांसाठी करतोय. नाहीतर वीस महिन्यांची बक्षीस भिशी लावू." ताई विचारतात: मी उगाच घाबरतेय का? नाही म्हटलं तर चांगल्या कामात खोडा घातला असं होईल का?

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. विचारताय हे फार बरं केलंत, आणि तेही ४१२ कुपनं गेलेली असताना. ४,००० गेल्यावर हाच प्रश्न सोडवणं कितीतरी अवघड झालं असतं.

आधी काकांच्या मुद्द्यांकडे येऊ, कारण तुमच्या मनातही तेच घोळत असणार. सरकार लॉटरी चालवतं हे खरं. केरळने १९६७ मध्ये लॉटरी खातं काढलं आणि महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. तेव्हा मटक्याने माणसं पोखरली जात होती आणि खासगी लॉटऱ्यांत फसवणूक होत होती. त्याला आळा बसावा आणि पैसा सरकारी तिजोरीत यावा, असा त्यामागचा विचार होता. पण सरकारला जमतं ते कोणालाही चालतं, असा त्याचा अर्थ नाही. १९९८ चा केंद्राचा लॉटरी कायदा राज्य सरकारांनाच किती नियमांनी बांधतो बघा: तिकीट सरकारने छापायचं, त्यावर सरकारचं चिन्ह हवं, विक्रीचा पैसा सरकारी खात्यात जायला हवा, सोडत सरकारने स्वतः आणि आपल्या राज्यातच काढायची, आणि मुदतीत कोणी न नेलेलं बक्षीस सरकारजमा. शिवाय कोणतंही राज्य दुसऱ्या राज्यांची लॉटरी आपल्याकडे बंद करू शकतं. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे माहीतच असेल, कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद आहे.

सरकारची नाही आणि सरकारने परवानगीही दिलेली नाही, अशी लॉटरी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तिची जाहिरात करणाऱ्यालाही ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या राज्याचा १९५८ चा लॉटरी नियंत्रण कायदा त्याशिवाय आहेच. शेजारच्या मंडळाने परवानगी घेतली होती का, हे काकांनी विचारलंय का? बहुतेक नसेल. त्यांच्याविरुद्ध अजून कोणी तक्रार केलेली नाही, एवढंच त्यावरून कळतं.

राहिला 'आपण पुस्तकांसाठी करतोय' हा मुद्दा. हा मनाला पटतो आणि त्याला इतिहासही आहे. इंग्लंडात १५६९ मध्ये बंदरांच्या दुरुस्तीसाठी राणीच्या नावाने लॉटरी निघाली. ब्रिटिश म्युझियम १७५३ मध्ये लॉटरीच्या पैशातून उभं राहिलं. आपल्याकडे कलकत्त्याचा टाउन हॉल आणि शहरातले कित्येक रस्ते लॉटरीच्याच पैशातून झाले; १८१७ पासून त्यासाठी लॉटरी कमिटीच नेमलेली होती. पुढे हा पैसा बरा नव्हे असं मत तयार झालं आणि १८३६ मध्ये ते बंद पडलं. म्हणजे तुमच्या समितीच्या डोक्यात आलेली कल्पना काही वाईट माणसांची नाही. पण कायदा हेतू बघत नाही, रचना बघतो. पैसे देऊन भाग घ्यायचा, निकाल नशिबावर, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस: या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी. तिन्हींपैकी एक काढून घेतली की ती लॉटरी राहत नाही. हे लक्षात ठेवा, पुढचे सगळे मार्ग त्यातूनच निघतात.

आता हिशेब करू. माझ्या मते काकांना कायद्यापेक्षा हिशेब लवकर पटेल. सगळी ५,००० कुपनं खपली तर पाच लाख येतात. त्यातून बक्षिसांचे दीड लाख आणि छपाई-प्रचाराचे २० हजार वजा केले की हातात ३ लाख ३० हजार राहतात. छपराला चार लाख हवेत. म्हणजे शेवटचं कुपन विकलं तरी ७० हजार कमी पडणार!

आणि शेवटचं कुपन विकलं जाणार नाहीच. तीन आठवड्यांत ४१२ म्हणजे आठवड्याला साधारण १३७. याच वेगाने उरलेल्या आठ आठवड्यांत आणखी १,१०० जातील, एकूण १,५०० च्या आसपास. नुसता खर्च भरून निघायला १,७०० कुपनं खपावी लागतात. आजच्या वेगाने वाचनालयाला या सोडतीत १९-२० हजारांचा तोटा आहे. वेग वाढेल असं कोणी म्हणेल, पण अनुभव उलटा असतो. पहिली कुपनं घरचे, शेजारी, सभासद घेतात. खरी विक्री त्यानंतर सुरू होते. मग प्रत्येक कार्यकर्त्याला दोन-दोनशे कुपनांचा कोटा मिळतो. कोणी मुलांच्या दप्तरात कुपनांचं पुस्तक देऊन शाळेत पाठवतो, कोणी न खपलेली कुपनं स्वतःच्या खिशातून भरतो आणि पुढच्या वर्षी बैठकीलाच येत नाही. आणि घेतं कोण? ज्याचं पोट हातावर आहे तोच पटकन घेतो, कारण स्कूटर त्यालाच हवी असते. त्याच्या १०० रुपयांतले ३० बक्षिसात जातात आणि स्कूटरची शक्यता पाच हजारांत एक. वाचनालयाने त्याच्याकडून असे पैसे घ्यावेत का, हा प्रश्न सोडत कायद्यात बसली तरीही उरतोच.

कराची बाब तर कुपनावर कुठेच छापलेली नसते. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर आहे, वर अधिभार-उपकर वेगळे. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी सुटका नाही. बक्षीस १० हजारांवर असेल तर तो कर देणाऱ्याने आधी कापायचा, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरल्याची खात्री होईपर्यंत वस्तू द्यायची नाही. स्कूटरवर २८,५०० आणि फ्रीजवर ७,५०० होतात. समितीला त्यासाठी कर कापणाऱ्याचा टॅन क्रमांक काढावा लागेल, चलन भरावं लागेल. जिंकणारा म्हणेल, "बक्षीस लागलं म्हणता आणि साडेअठ्ठावीस हजार मागता?" समितीने कर भरायचा ठरवला तर खर्चात आणखी ३६ हजार. नोंदणी आणि विमा ९५ हजारांत धरलाय का, तेही एकदा कोटेशनवर बघा.

(यावरून इतर वाचकांसाठी एक गोष्ट. 'केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली, आधी कर भरा' असे व्हॉट्सॲप संदेश येतात तेव्हा माणसं फसतात, कारण बक्षिसावर कर असतो हे खरं असतं. फरक ओळखायचा तो असा: खरा कर तुमच्या पॅनवर, सरकारी चलनाने, सरकारच्या खात्यात जातो. पैशाच्या बक्षिसातून तो कापूनच उरलेली रक्कम मिळते. कोणा व्यक्तीच्या खात्यात किंवा यूपीआयवर 'कर' मागितला की ती फसवणूक. आणि जे तिकीट घेतलंच नाही त्याला बक्षीस लागत नाही.)

काकांची दुसरी सूचना, बक्षीस भिशी, हिला मात्र ठाम नकार द्या. महिन्याला ठरावीक हप्ता, दर महिन्याला चिठ्ठी, ज्याची निघेल त्याला मोठी वस्तू आणि पुढचे हप्ते माफ: हा प्रकार १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंद केलेला आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. साधी घरगुती भिशी, जिथे प्रत्येकजण शेवटपर्यंत हप्ता भरतो आणि प्रत्येकाला आळीपाळीने तेवढीच रक्कम मिळते, ती वेगळी. बक्षीस भिशीतला धोका आकड्यांतच आहे. समजा २०० सभासद, ५०० रुपये हप्ता, २० महिने, दर महिन्याला २० हजारांचं एक बक्षीस. दर महिन्याला एकजण सुटतो, म्हणून एकूण ३,८१० हप्ते येतात, म्हणजे १९ लाख ५ हजार. बक्षिसांना ४ लाख गेले. शेवटी उरलेल्या १८० जणांना त्यांच्या १० हजारांची वस्तू द्यायची, म्हणजे १८ लाख. एकूण देणं २२ लाख आणि जमा १९ लाख ५ हजार. खड्डा पहिल्या दिवसापासून होता, पण तो विसाव्या महिन्यात दिसतो. तोवर हातात रोज रोकड खेळत असते, म्हणून चालवणाऱ्यालाही वाटतं की सगळं छान चाललंय. गावोगावच्या अशा योजनांचे चालक शेवटच्या दोन महिन्यांत गायब होतात ते याच वळणावर.

मग काय करायचं? आधी झालेलं आवरू या.

विक्री आजच थांबवा. सगळ्या कार्यकर्त्यांकडून कुपनांची पुस्तकं परत घ्या, विकलेल्या कुपनांच्या स्थळप्रती मोजा आणि जमा रक्कम ४१,२०० जुळते का ते दोघांच्या सहीने लिहा. रोकड कोणाच्या घरी असेल तर ती बँकेत भरा, वाचनालयाच्या दुसऱ्या पैशात मिसळू नका. मग एका वहीत क्रमांक, नाव, फोन, रक्कम, परत दिल्याची तारीख आणि सही असे रकाने आखून पंधरा दिवसांत प्रत्येकाला पैसे परत करा. कोणी म्हणेल, "राहू द्या, छपराला घ्या." तर कुपन परत घेऊन देणगीची वेगळी पावती फाडा. पण विचारताना 'पैसे परत घ्यायचेत' हेच आधी सांगा, देणगीचं नंतर. उलट क्रमाने विचारलं की माणूस भिडेपोटी हो म्हणतो. न विकलेली कुपनं जाळू नका. कोपरा कापून, 'रद्द' लिहून, मोजून गठ्ठा ठेवा, पुढे कोणी विचारलं तर तोच तुमचा पुरावा आहे. विक्रेत्याकडे दिलेले १० हजार लेखी मागा. त्याने काही कापून घेतलं तर ती रक्कम समितीने सोसायची, कुपन घेणाऱ्यांनी नाही. आणि एकदा स्थानिक वकिलाला कुपन, ठराव आणि ही वही दाखवा.

परवानगी घेऊन हीच सोडत काढता येईल का? विचारायला हरकत नाही: जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या. पण वर केलेला हिशेब परवानगीने बदलत नाही, म्हणून मी या मार्गावर वेळ घालवणार नाही. हाउझीही नको. तिथेही तिकीट, नशीब आणि बक्षीस तिन्ही आहेत.

चांगला मार्ग म्हणजे दान आणि नशीब वेगळं काढणं. छपराचे १६० भाग पाडा आणि एका भागाची देणगी २,५०० रुपये ठरवा. 'एक पत्रा वाचनालयासाठी' असं म्हटलं की माणसाला आपण काय दिलं ते डोळ्यांसमोर दिसतं. दारात छपराचा आराखडा लावा आणि पैसे येतील तसा एकेक चौकोन रंगवा. ज्यांना २,५०० झेपत नाहीत त्यांच्यासाठी चौघांत एक पत्रा. संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची प्राप्तिकर खात्याची मान्यता (८०जी) असेल तर जुन्या करपद्धतीत देणगीदाराला सवलत मिळते, पण २,००० वरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआय सुचवा. हे वाचणाऱ्या, नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळांनी वर्गणी सुरू करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घ्यावी.

एक अर्ज मात्र याच आठवड्यात करा. कलकत्त्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून वाचनालयांना पुस्तकांसाठी आणि इमारतीसाठीही अर्थसाहाय्य देतं. त्याची वाट राज्याच्या ग्रंथालय संचालनालयातून जाते, म्हणून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटा आणि चालू योजनांचे नमुने मागून घ्या. आमदार निधीचं पत्रही सोबत द्या. हे पैसे उशिरा येतात, पावसाआधी येतील असं धरून चालू नका.

गंमत आणि गर्दी हवी असेल तर लिलाव करा. गोव्यात देवळांत पावणी होते, आपल्याकडे गणपतीच्या प्रसादाचा नारळ बोली लावून जातो, लोकांना ही रीत पाठ आहे. इथे नशीब नाही. जो जास्त बोलतो तो घेतो आणि का देतोय हे त्याला ठाऊक असतं. हापूसची पहिली पेटी, गावच्या चित्रकाराचं चित्र, सुताराने करून दिलेलं पुस्तकांचं कपाट अशा देणगीतल्या दहा-बारा वस्तू पुरेत. वाढीचा टप्पा आधी सांगा, ५० किंवा १०० रुपये, आणि बोली तिथेच वहीत लिहून सही घ्या. पावणीचे पैसे 'देतो नंतर' म्हणून राहतात, हे सगळीकडचं दुखणं आहे. सात दिवसांत न दिल्यास वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला, हे सुरुवातीलाच जाहीर करा.

आणि सोडत हवीच असेल तर फुकट काढा. कार्यक्रमाच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला एक चिठ्ठी, देणगी दिली असो वा नसो. देणगीदाराला दोन चिठ्ठ्या दिल्यात की पुन्हा पैशाने नशीब विकत घेतल्यासारखं होईल, ते करू नका. बक्षिसं दान म्हणून मिळालेली आणि १० हजारांच्या आतली ठेवा, मिक्सर आणि पुस्तकांचे संच. माणसं त्यासाठीही शेवटपर्यंत थांबतात.

सोडत फुकट असली तरी नीट काढा. डब्यात चिठ्ठ्या टाकून दोनदा हलवल्या की त्या मिसळतात, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला सैन्यभरतीची सोडत निघाली. वर्षाच्या ३६६ तारखा कुप्यांत घालून, महिन्यांच्या क्रमाने एकत्र केल्या होत्या. मिसळणं कमी पडलं आणि वर्षअखेरीच्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. लवकर निघणं म्हणजे युद्धावर आधी जाणं. पुढच्या वर्षी पद्धत बदलावी लागली.

त्यापेक्षा अंक काढा. ३०० माणसं येणार असतील तर चिठ्ठ्यांना १०० ते ३९९ क्रमांक द्या, म्हणजे सगळे तीन आकडी होतील. पाण्याच्या बाटल्यांची एकाच कंपनीची २३ टोपणं घ्या आणि आतल्या बाजूला मार्करने अंक लिहा. कागद चिकटवू नका, बोटाला कळतो. तीन जाड कापडी पिशव्या घ्या: शतकाच्या पिशवीत १, २, ३ आणि उरलेल्या दोन्हींत ० ते ९. तिन्ही पिशव्यांतून एकेक टोपण काढलं की क्रमांक तयार. दर बक्षिसानंतर टोपणं परत पिशवीत. निघालेला क्रमांक वाटलेलाच नसेल, किंवा तीनदा पुकारून कोणी उठलं नाही, तर तिन्ही अंक पुन्हा काढा. नुसता शेवटचा अंक पुन्हा काढण्याचा मोह होतो, तो टाळा. समजा ३९० ते ३९९ मधली ३९१ ही एकच चिठ्ठी वाटली गेली आहे. '३९' निघाल्यावर फक्त शेवटचा अंक बदलत राहिलात तर बक्षीस ३९१ लाच जाणार, म्हणजे त्या माणसाला बाकीच्यांच्या दहापट संधी.

अंक काढायला प्रेक्षकांतलं लहान मूल बोलवा, समितीतल्या कोणाचं नको. ही रीत फार जुनी आहे: तमिळनाडूत उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात गावसभेचे सभासद मडक्यातून ताडपत्रं काढून निवडण्याचे नियम कोरलेले आहेत, आणि पत्र काढायचं ते लहान मुलाने. समितीच्या घरच्यांना बक्षीस नाही, हे दाराशीच लिहून लावा. निकालाच्या कागदावर प्रेक्षकांतल्या दोघांच्या सह्या घ्या.

आता काकांशी कसं बोलायचं. चारचौघांत 'हा गुन्हा आहे' अशी सुरुवात करू नका, ते घट्ट होऊन बसतील. बैठकीच्या आदल्या दिवशी घरी जा, हिशेबाचा कागद पुढे ठेवा आणि सांगा, "काका, सगळी कुपनं गेली तरी सत्तर हजार कमी पडतात, आणि आजच्या वेगाने तर खिशातून घालावे लागतील." ते त्यांना स्वतः बेरीज करून बघू द्या. कायद्याचं त्यानंतर काढा: "कुपनावर सही माझी आहे. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय मी कुपनांचं आणखी एकही पुस्तक देणार नाही." यात त्यांच्यावर आरोप नाही, तुमच्या पदाची जबाबदारी आहे. खोडा घालणारा माणूस दुसरा मार्ग देत नाही. तुम्ही १६० पत्र्यांचा आराखडा सोबत नेताय.

त्यांनी तरीही ऐकलं नाही तर बैठकीत तुमचा विरोध इतिवृत्तात कारणांसह लिहून घ्या आणि त्याची प्रत ठेवा. नाव-सही छापलेली कुपनं वापरायला मनाई करणारं पत्र सचिवांना देऊन पोच घ्या. त्यानंतरही विक्री चालू राहिली तर खजिनदारपद सोडा, पण वही, रोकड आणि स्थळप्रतींचा हिशेब दोन साक्षीदारांसमोर सुपूर्द केल्याशिवाय चाव्या देऊ नका.